अंध सैनिकांचे वाटाडे : सर आर्थर पिअर्सन

स्मरणिकेसाठी चरित्रलेख लिहावयास बसलो म्हणजे आपल्याच ज्ञातीतील कर्तबगार स्त्रीपुरुषांची आठवण आम्हांस प्रथम होते, आणि ती व्हावी हे योग्यच आहे. परंतु ह्या वर्षी आम्ही ज्ञातिबांधवांस व भगिनींस थोडे दूर, विलायतेस घेऊन जाणार आहोत. ज्या गृहस्थांचा परिचय आम्ही करून देत आहो, ते आपल्या ज्ञातीचे नव्हेत, धर्माचे नव्हेत आणि देशाचेही नव्हेत. तरीसुद्धा एकमेकांस हात देण्यासाठी जी माणसे एकत्र येतात, त्यांनी त्यांचे चरित्र अवश्य वाचावे असे आम्हांस वाटते. युद्धात जखमी होऊन परतलेल्या सैनिकास नेमके काय द्यावे, हा प्रश्न ज्यांनी आपल्या आयुष्याने सोडविला अशा थोड्या माणसांत सर आर्थर पिअर्सन यांची गणना होते.

सिरिल आर्थर पिअर्सन यांचा जन्म २४ फेब्रुवारी १८६६ रोजी इंग्लंडातील सॉमरसेट परगण्यात वूकी ह्या गावी झाला. वडील धर्मोपदेशक होते. घरची स्थिती बेताची असल्यामुळे विंचेस्टरच्या प्रसिद्ध विद्यालयातील शिक्षण अर्धवट टाकून त्यांना घरी परतावे लागले. पुढे १८८४ साली ‘टिट-बिट्स’ नावाच्या लोकप्रिय साप्ताहिकाने एक स्पर्धा जाहीर केली. आठवड्यामागून आठवडे प्रश्न छापून येत. जो सर्वांत चांगली उत्तरे देईल त्यास साप्ताहिकाच्या कचेरीत कारकुनाची जागा मिळावयाची होती. प्रश्न नाना विषयांवरचे, आणि घरी पुस्तके थोडी. तेव्हा हा अठरा वर्षांचा मुलगा सायकलीवरून कित्येक मैलांवरील बेडफर्डच्या ग्रंथालयात वारंवार जाऊन उत्तरे शोधू लागला. जागा त्यालाच मिळाली, आणि लवकरच तो त्या साप्ताहिकाचा व्यवस्थापक झाला.

१८९० साली त्यांनी स्वतःचे ‘पिअर्सन्स वीकली’ हे साप्ताहिक काढले. १८९२ साली लंडनसारख्या शहरांतील गरीब मुलांस एक दिवस मोकळ्या हवेत, रानात वा समुद्रकाठी नेण्यासाठी त्यांनी एक निधी उभारला. दर मुलामागे अवघे ९ पेन्स खर्च येई, आणि त्या नऊ पेन्सांसाठी ते वाचकांपुढे न लाजता हात पसरीत. २४ एप्रिल १९०० रोजी त्यांनी ‘डेली एक्स्प्रेस’ हे दैनिक सुरू केले. त्या काळी वृत्तपत्राचे पहिले पान जाहिरातींनी भरलेले असे. पिअर्सन यांनी तेथे बातम्या दिल्या. त्यांच्या पत्रांत चटकदार मजकूर फार असतो असा आक्षेप घेणारे तेव्हाही होते, आणि तो आक्षेप अगदीच निराधार होता असे आम्ही म्हणणार नाही. परंतु लोकांचे लक्ष कसे वेधावे आणि खिशातला पैसा सत्कार्यासाठी कसा बाहेर काढावा, ही विद्या त्यांनी ह्याच धंद्यात संपादन केली आणि पुढे तिचे सोने केले.

नशीब मात्र दुसऱ्याच वाटेने येत होते. पिअर्सन यांच्या डोळ्यांत काचबिंदूने घर केले होते. १९०८ साली शस्त्रक्रिया झाली. तिने दृष्टी राहिली नाही. हळूहळू अक्षरे दिसेनाशी झाली, मग माणसांचे चेहरे, आणि शेवटी आपण कायमचे अंध होणार हे वैद्यांच्या तोंडून त्यांना ऐकावे लागले. ज्याचे सारे आयुष्य छापील कागदावर गेले त्यास छापील कागदच दिसेनासा व्हावा, ह्याहून कठोर आघात कोणता? एकामागून एक वर्तमानपत्रे त्यांनी विकून टाकली. त्या वेळी त्यांचे वय पन्नाशीच्याही आत होते आणि गाठीस पैसा होता. आरामखुर्चीत बसून, लोकांची सहानुभूती स्वीकारीत उरलेले दिवस काढले असते, तरी कोणी त्यांस नावे ठेवली नसती.

त्यांनी तसे केले नाही. अंध व्हावयाचेच असेल तर अंधांत उगीच एक म्हणून राहावयाचे नाही, त्यांच्या पुढे चालावयाचे, असा त्यांनी निश्चय केला. ते ब्रेल लिपी शिकले. आपले कपडे आपण घालणे, आपली दाढी आपण करणे, ताटातील पदार्थ आपल्या हाताने कापून खाणे, अशा लहानसहान गोष्टींत ते कोणाची मदत घेईनात. ह्या लहान गोष्टींतच माणसाचा स्वाभिमान वस्ती करून असतो, हे त्यांच्या ध्यानी आले. अंधांच्या राष्ट्रीय संस्थेचा कारभार त्यांनी हाती घेतला आणि काही सहस्र पौंडांवर रडतखडत चाललेल्या त्या संस्थेचे उत्पन्न थोड्याच वर्षांत तीन लक्ष पौंडांच्या वर नेले. ब्रेल पुस्तके मोठ्या संख्येने छापली जाऊ लागली.

इतक्यात ऑगस्ट १९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले. खंदकांतील त्या लढाईत सैनिकाचे डोके तेवढे वर येई, आणि गोळी वा तोफगोळ्याचा तुकडा नेमका तेथेच लागे. लोखंडी शिरस्त्राणे सर्रास मिळू लागण्यास १९१६ साल उजाडले. पुढे विषारी वायूचीही भर पडली. वीस-बावीस वर्षांचे धडधाकट तरुण रुग्णालयात डोळ्यांवर पट्ट्या बांधून पडलेले, आणि पट्टी निघाली तरी अंधार जावयाचा नाही हे त्यांस नुकतेच कळलेले! अशा खाटांपाशी पिअर्सन स्वतः जाऊन बसू लागले.

इतर भेटावयास येणारे आणि पिअर्सन ह्यांच्यात एक मोठे अंतर होते. आईबाप येत ते रडत. थोर घरच्या स्त्रिया येत त्या हळू आवाजात सांत्वन करीत. रुग्णास मात्र त्या प्रत्येक अश्रूतून एकच गोष्ट ऐकू येई, ती ही की आपले आयुष्य संपले. पिअर्सन येत ते खुर्ची ओढून घेत, आज सकाळपासून आपण काय काय केले ते सांगत, आणि बोलता बोलता हा माणूसही आपल्यासारखाच अंध आहे हे त्या तरुणास उमगे. डोळस माणसाने धीर धर म्हणून सांगणे वेगळे, आणि त्याच अंधारातून चालत आलेल्याने पुढे वाट आहे असे सांगणे वेगळे. पहिल्याच्या शब्दाला दया म्हणतात. दुसऱ्याच्या शब्दाला पुरावा म्हणावयास हवे.

त्या भेटीत ते एक वस्तू देत. ती असे एक घड्याळ. तिची काच उघडता येई, तबकडीवर उंचावलेले ठिपके असत आणि काटे बोटाने चाचपता येत. रुग्णालयातल्या लांब रात्री किती वाजले हे दाईला न विचारता त्या तरुणास स्वतःस कळे. किंमत पाहू जाता ही देणगी फार मोठी नव्हे. परंतु ज्यास पाणी पिण्यासाठीही दुसऱ्यास हाक मारावी लागत होती, त्यास कोणाचेही साहाय्य न घेता करता येण्याजोगी ही पहिली गोष्ट होती. पैसे, फळे किंवा मिठाई न देता पिअर्सन यांनी घड्याळ का दिले, ह्याचा विचार वाचकांनी अवश्य करावा.

१९१५ सालच्या आरंभी लंडनमधील बेझवॉटर भागात एका लहानशा घरात मोजक्या अंध सैनिकांसह काम सुरू झाले. घर अपुरे पडू लागले तेव्हा ओटो कान ह्या अमेरिकन धनिकाने रीजंट्स पार्कमधील आपला विस्तीर्ण उद्यान असलेला वाडा वापरावयास दिला. वाड्याचे नाव ‘सेंट डन्स्टन्स’. मार्च १९१५ मध्ये सैनिक तेथे राहावयास गेले, आणि तेच नाव संस्थेस पडले.

ह्या आश्रमाची शिस्त पाहण्यासारखी होती. दिवाणखान्यात सतरंज्यांच्या पट्ट्या अशा अंथरल्या होत्या की पायाखालच्या स्पर्शावरून वाट कळावी. सामानसुमान ठरल्या जागेवरून कोणी हलवावयाचे नाही. बागेत हाताशी कठडे होते. अंध माणसास आवारात हात धरून नेण्याचा मोह स्वयंसेवकांनी आवरावयाचा. तो चुकला, ठेचाळला, तरी त्यास आपली वाट आपण शोधू द्यावयाची. आंधळेपण हे दुर्दैव म्हणून उच्चारावयाचे नाही. शर्यतीत एखाद्या धावणाऱ्यास जादा ओझे घेऊन धावावे लागते, तशी ती एक अडचण समजावयाची. कामाचे तास मुद्दाम थोडे ठेवलेले होते, कारण नव्याने अंध झालेल्याचे मन एकाग्रतेने फार लवकर थकते, हे पिअर्सन यांस स्वानुभवाने ठाऊक होते. अर्धा दिवस ब्रेल व टंकलेखन, अर्धा दिवस कर्मशाळा, आणि सायंकाळी वल्ही मारणे, नृत्य, संगीत.

आता आम्ही त्यांच्या कार्याच्या मर्माकडे येतो. शिकवावयास कोण ठेवावे? डोळस कारागीर पुष्कळ मिळत होते. परंतु शक्य तेथे शिक्षक स्वतः अंध असावा असा पिअर्सन यांचा आग्रह होता. सुताराच्या पटाशीची धार बोटास न लागता कशी अजमावावी, वेताची कांब कोठे वळवावी, हे डोळस गुरूस करून दाखविता येते; डोळ्यांवाचून ते कसे करावे हे मात्र त्यास सांगता येत नाही. शिवाय डोळस गुरूपाशी शिष्याला एक सबब सदैव मोकळी राहते, ती म्हणजे तुम्हांस दिसते म्हणून तुम्हांस जमते. अंध गुरूपुढे ती सबब चालत नाही. मग जे सैनिक लवकर तयार होत त्यांनाच नव्या येणाऱ्यांचे शिक्षक नेमण्याची पद्धत पडली. सहा महिन्यांपूर्वी जो स्वतः खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता, तोच आता दुसऱ्याचा हात धरून ठिपके चाचपावयास शिकवीत आहे! ह्यात शिष्याचा लाभ होताच. गुरूचा, आमच्या मते, त्याहून अधिक होता. आपण दुसऱ्याच्या उपयोगी पडतो ही जाणीव माणसास जशी उभी करते, तसे कोणतेही औषध करीत नाही.

स्वयंसेविकांचे कामही विसरता येणार नाही. त्यांपैकी कित्येक सुखवस्तू घरच्या मुली होत्या. ब्रेल शिकविणे, पत्रे वाचून दाखविणे, फिरावयास सोबत जाणे, वल्हवण्याच्या नावेत सुकाणू धरणे, अशी कामे त्या करीत. त्यांस शिकावी लागणारी सर्वांत अवघड गोष्ट म्हणजे केव्हा मदत करावयाची नाही ही होती. जाता जाता एक गोड हकीकत सांगतो. १९१६ साली सॉमच्या रणांगणावर इयन फ्रेझर नावाचा अठरा वर्षांचा अधिकारी अंध झाला. लंडनच्या रुग्णालयात तो निराश होऊन पडला असता पिअर्सन यांच्या वतीने पत्र व घड्याळ घेऊन एक स्वयंसेविका त्याच्या खाटेपाशी आली. तिच्याशीच पुढे १९१८ साली त्याचा विवाह झाला. ह्या फ्रेझर यांची गाठ वाचकांस पुढे पुन्हा पडेल.

सेंट डन्स्टन्समध्ये शिकविले जाणारे धंदे नीट पारखून निवडलेले होते. शिक्षित व चाणाक्ष तरुणांस वैद्यकीय मालिश, लघुलेखन व टेलिफोन जोडून देण्याचे काम. इतरांस बूट दुरुस्ती, पायपुसणी विणणे, वेतकाम, सुतारकाम आणि कुक्कुटपालन. पिसांच्या व अंगाच्या स्पर्शावरून कोंबडीची जात ओळखणारे अंध सैनिक पाहून डोळस शेतकरी थक्क होत. बूट दुरुस्त करणाऱ्यास पायपुसणी विणणेही शिकवीत, म्हणजे एका धंद्यात मंदी आली तर दुसरा हाताशी असावा. टंकलेखनाची परीक्षा जो उतरे त्यास यंत्र कायमचे बक्षीस मिळे, म्हणजे आपल्या आईस वा पत्नीस पत्र लिहिण्यासाठी त्यास कोणाची मनधरणी करावी लागू नये.

शिक्षण संपले की निरोप दिला आणि हात झटकले, असेही नव्हते. सैनिक आपल्या गावी गेल्यावर कच्चा माल पुरविणे, कामाचा दर्जा तपासणे, तयार माल विकून देणे ह्यासाठी एक स्वतंत्र विभाग होता. अनेक धर्मादाय संस्था येथेच चुकतात. समारंभाने मदत देतात, छायाचित्र काढतात, आणि वर्षभराने त्या घरी चूल पेटते की नाही हे पाहावयास कोणी जात नाही. युद्ध संपेपर्यंत सुमारे १५०० अंध सैनिकांनी ह्या संस्थेचा आश्रय घेतला होता.

चरित्रकाराने केवळ आरती ओवाळू नये, म्हणून दोन शब्द दुसऱ्या बाजूनेही लिहितो. सेंट डन्स्टन्समधील आनंदाची वर्णने वाचताना कधी कधी असे वाटते की तेथे दुःख करण्यासही सवड नव्हती. हसतमुख राहण्याचा आग्रह काही जीवांस जाचला असेल. प्रत्येकाच्या मनाची जखम एकाच वेळात भरून येत नाही. तसेच युद्धात अंध झालेल्यांभोवती जे प्रेम व धन गोळा झाले, ते गिरणीत किंवा खाणीत डोळे गमावलेल्या मजुरास तितके लाभले नाही. पिअर्सन यांनी अंधांच्या राष्ट्रीय संस्थेद्वारा त्यांच्यासाठीही झीज सोसली, हे खरे. तरी समाजाच्या दयेतही उच्चनीच असते, हे ह्यावरून दिसते.

सरकारने १९१६ साली त्यांस ‘बॅरोनेट’ हा किताब दिला. १९१९ साली त्यांनी अंधत्वावरील विजयाविषयी आपल्या अनुभवांचे पुस्तक प्रसिद्ध केले. ९ डिसेंबर १९२१ रोजी सकाळी स्नानगृहात त्यांचा पाय घसरला, डोक्यास नळाचा मार लागून शुद्ध हरपली, आणि पाण्यातच त्यांचा अंत झाला. ज्याने शेकडो अंधांस निर्भयपणे पाऊल टाकण्यास शिकविले त्याचे पाऊल आपल्याच घरी घसरावे, ह्यास काय म्हणावे! वय अवघे ५५ होते. त्यांच्या अंत्ययात्रेस दूरदूरहून अंध सैनिक आले होते. चेहरा त्यांनी कधी पाहिला नव्हता. आवाज मात्र प्रत्येकाच्या ओळखीचा होता.

पिअर्सन गेले तरी काम बंद पडले नाही, कारण ते एका माणसाच्या खांद्यावर उभे नव्हते. अध्यक्षपद वर उल्लेखिलेल्या इयन फ्रेझर यांच्याकडे आले. तेव्हा ते २४ वर्षांचे होते. १९७४ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी ती धुरा वाहिली. १९३५ साली अंधांसाठी बोलकी पुस्तके सुरू झाली त्यात त्यांचा पुढाकार होता. दुसऱ्या महायुद्धात नवे अंध सैनिक आले तेव्हा त्यांच्या शिक्षकांत पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेले जुने सैनिक होते. संस्था आजही ‘ब्लाइंड व्हेटरन्स यूके’ ह्या नावाने कार्य करीत आहे. हे नाव तिने २०१२ साली घेतले.

ह्या दिव्यावरून लावलेला एक दिवा आपल्या देशातही आला. न्यूझीलंडचे क्लूथा मॅकेंझी १९१५ साली गॅलिपोलीच्या लढाईत अंध झाले आणि सेंट डन्स्टन्समध्ये शिकून तयार झाले. मायदेशी त्यांनी अंधांच्या संस्थेची धुरा वाहिली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते हिंदुस्थानात आले, आणि १९४३ साली त्यांच्या प्रयत्नांनी देहरादून येथे युद्धात अंध झालेल्या हिंदी सैनिकांसाठी सेंट डन्स्टन्सच्याच नावाने वसतिगृह निघाले. १९५० साली भारत सरकारने ते हाती घेऊन तेथे प्रौढ अंधांसाठी शिक्षणकेंद्र सुरू केले, आणि त्यातूनच देहरादूनची आजची राष्ट्रीय दृष्टिदिव्यांगजन संस्था वाढली. म्हणजे सैनिकांसाठी लावलेल्या झाडाची सावली पुढे सर्वांस मिळाली. आपल्या महाराष्ट्रातही १९१७ साली मुंबईत जायबंदी हिंदी सैनिकांस धंदेशिक्षण देण्यासाठी निघालेली क्वीन मेरी संस्था पुढे पुण्याजवळ खडकीस आली. पाठीच्या कण्यास इजा होऊन पांगळे झालेल्या सैनिकांचे पुनर्वसन केंद्रही १९७४ पासून खडकीतच आहे. पुण्यास जाणाऱ्या ज्ञातिबांधवांनी ह्या संस्थांची माहिती अवश्य करून घ्यावी.

वाचकहो, ज्ञाती आपणांस जन्माने लाभते. सेंट डन्स्टन्सची ज्ञाती आघाताने बनली होती. तीत सरदाराचा मुलगा आणि खाणमजुराचा मुलगा एकाच बाकावर बसून ठिपके चाचपीत होते. तरी तिने जे साधले ते कोणत्याही ज्ञातिसंस्थेने शिकावे असे आहे. आपल्या कुटुंबांतूनही मुले सैन्यात जातात. कोणी निवृत्त होऊन सुखरूप येतात, कोणी हात, पाय वा डोळा ठेवून येतात, आणि कोणी वरून धडधाकट दिसत असूनही रात्री दचकून उठतात. अशा घरी आपण जातो, हळहळतो, शाल व नारळ देतो आणि परततो. ते चुकीचे आहे असे आम्ही म्हणत नाही. अपुरे आहे एवढेच म्हणतो. आपल्या मंडळातील निवृत्त सैनिकांपैकी दोघाचौघांनी, जे स्वतः त्या वाटेने गेले आहेत त्यांनी, अशा घरी महिन्यातून एकदा जाऊन बसावे. निवृत्तिवेतनाच्या कागदपत्रांत मदत करावी, धंद्याची वाट दाखवावी, आणि बोलावयाचे नसेल तर नुसते सोबत बसावे. मग तोच घरचा माणूस सावरला की त्यास दुसऱ्याच्या घरी पाठवावे.

मदत देताना समोरच्याच्या हाती आपण काय ठेवीत आहो, हे पाहावे. त्या हातास आणखी पसरावयास लावणारी वस्तू ठेवीत आहो, की किती वाजले ते ज्याचे त्यास कळावे असे एखादे घड्याळ? सर आर्थर पिअर्सन यांच्या चरित्राचे सार आम्हांस एवढेच दिसले, आणि तेवढे ज्ञातिबांधवांपुढे ठेवून आम्ही लेखणी खाली ठेवतो.